हिवाळ्यात वीज गेल्यावर : काश्मीर खोऱ्यातील घरे, ऊब आणि हवा

काश्मीर खोऱ्यात २१ डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंतचे ४० दिवस ‘चिल्लई कलां’ या नावाने ओळखले जातात. त्यामागोमाग २० दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि १० दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’ येतो. या काळात श्रीनगरमधील रात्रीचे तापमान वारंवार शून्याखाली कित्येक अंश उतरते, दल सरोवराच्या कडा गोठतात आणि घरांतील नळांचे पाणी थिजते. विजेची गरज सर्वाधिक असते ती याच दिवसांत, आणि तिचा भरवसा सर्वांत कमी असतो तोही याच दिवसांत.

याचे मूळ नद्यांत आहे. झेलमवरील उरी-१ (४८० मेगावॉट) व उरी-२ (२४० मेगावॉट), चिनाबवरील बगलिहार (९०० मेगावॉट) हे जम्मू-काश्मीरमधील प्रकल्प मोठा साठा न करता वाहत्या प्रवाहावर चालतात. १९६० च्या सिंधू जलकराराने या नद्यांवरील साठ्यास मर्यादा घातल्या होत्या. भारताने एप्रिल २०२५ मध्ये करार स्थगित ठेवला. तथापि आधी उभारलेल्या प्रकल्पांची रचना त्यामुळे बदलत नाही. हिवाळ्यात डोंगरांवरील बर्फ वितळत नाही, नद्या आटतात आणि वीजनिर्मिती स्थापित क्षमतेच्या लहानशा अंशावर येते. तूट भरून काढण्यासाठी बाहेरून वीज घ्यावी लागते आणि तरीही भारनियमन टळत नाही.

दुसरे कारण बर्फाचे वजन. विशेषतः झाडांची पाने गळण्यापूर्वीच हिमवृष्टी झाली, तर पानांवर साचलेल्या बर्फाने फांद्या मोडून तारांवर पडतात. नोव्हेंबर २०१९ च्या पहिल्या आठवड्यातील हिमवृष्टीत सफरचंदाच्या बागांची मोठी हानी झाली आणि खोऱ्यातील अनेक भाग अंधारात गेले. शेजारच्या लडाखची स्थिती याहून बिकट होती. द्रास व कारगिलमार्गे जाणारी श्रीनगर-लेह ही २२० केव्ही पारेषण वाहिनी फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्राला अर्पण होईपर्यंत तो प्रदेश स्थानिक जलविद्युत आणि डिझेल जनित्रांवर अवलंबून होता.

विजेच्या आधीपासून चालत आलेली खोऱ्यातील साधने आजही वापरात आहेत. वेताच्या विणलेल्या टोपलीत मातीचे भांडे आणि त्यात कोळशाचे निखारे, ही कांगडी. ती ‘फेरन’ या सैल अंगरख्याच्या आत धरली जाते. धुराडे असलेली लोखंडी शेगडी म्हणजे बुखारी. जुन्या आणि आता नव्या घरांतही ‘हमाम’ असतो. दगडी फरशीच्या खाली लाकडे पेटवून ती खोली तापवली जाते. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेला दुधी, वांगी आणि टोमॅटो ही ‘होख स्युन’ नावाची शिदोरी रस्ते बंद झाले की उपयोगी पडते. भारनियमन नित्याचे झाले, तेव्हा हे सारे आयतेच हाताशी होते.

अडचण सुरू होते ती ऊब टिकवण्यासाठी खोलीच्या फटी बुजवल्यावर. हिवाळ्यातील वीजखंडाच्या काळात थंडीने जितका धोका असतो, तितकाच, किंबहुना अधिक, धोका थंडी घालवण्यासाठी आत आणलेल्या अग्नीचा असतो. कोळसा, लाकूड, रॉकेल वा गॅस यांचे ज्वलन अपुऱ्या हवेत झाले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट सहज बांधला जातो. डोकेदुखी, घेरी, मळमळ ही त्याची पहिली लक्षणे साध्या सर्दीतापासारखी वाटतात, आणि झोपलेल्या माणसाला तीही जाणवत नाहीत. जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात श्रीनगरच्या पांद्रेठन भागात एकाच कुटुंबातील पाच जण भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले. खोली तापवण्याच्या साधनांमुळे ते गुदमरल्याचा संशय व्यक्त झाला.

म्हणूनच निखाऱ्यांची शेगडी किंवा कांगडी घेऊन बंद खोलीत झोपणे टाळावे. गॅस हीटर निजण्यापूर्वी विझवावा. तो सुरू असताना खिडकीची एक फट उघडी राहावी. बुखारीचे धुराडे हिवाळ्याआधी साफ करून त्याचे सांधे तपासावेत. स्वयंपाकाची गॅस शेगडी खोली तापवण्यासाठी वापरू नये. जनित्र घरात, व्हरांड्यात वा जिन्याखाली ठेवू नये. घरातील एकाहून अधिक माणसांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर तो योगायोग मानू नये. सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत जावे आणि रुग्णालय गाठावे. हिवाळ्यात खोऱ्यात जाणाऱ्या पर्यटकांनाही हे लागू आहे. तेथे अशी डोकेदुखी प्रवासाच्या शिणावर ढकलली जाते. महाराष्ट्रातील शहरांत हवा न खेळणाऱ्या न्हाणीघरातील गॅस गीझरने होणाऱ्या दुर्घटनांमागेही हाच वायू असतो.

अग्नीशिवाय ऊब राखण्याचा मार्ग साधा आहे. सर्वांनी एकाच, शक्यतो लहान आणि दक्षिणेकडील खोलीत राहावे, जमिनीवर जाड अंथरूण घालावे, एका जाड कपड्याऐवजी अनेक पातळ थर चढवावेत आणि डोके झाकावे. वृद्ध आणि तान्ही मुले यांकडे विशेष लक्ष हवे. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की बोलणे अडखळते, गुंगी येते. थरथर थांबणे हे अशा वेळी बरे वाटल्याचे लक्षण नसते. मद्याने ऊब आल्याचा भास होतो, प्रत्यक्षात शरीरातील उष्णता अधिक वेगाने बाहेर जाते.

आजारी माणसाच्या घरात पूर्वतयारीला पर्याय नाही. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो, म्हणून भरलेला सिलिंडर आणि त्याचा रेग्युलेटर जवळ असावा. मात्र त्या खोलीत कांगडी वा मेणबत्ती मुळीच नको. इन्सुलिनच्या बाबतीत उलटीच चूक घडते. फ्रिज बंद पडला म्हणून कुपी खिडकीत ठेवली जाते आणि ती गोठते. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही वापरण्यायोग्य राहत नाही. कुपी कापडात गुंडाळून घराच्या आतल्या भागातील कपाटात ठेवणे अधिक सुरक्षित असते.

इन्व्हर्टरवर दिवे, फोन आणि वायफाय चालतात. २,००० वॉटचा हीटर चालत नाही. लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता थंडीत घटते, आणि पूर्ण उतरलेल्या बॅटरीतील द्रव गोठून तिचे कवच तडकू शकते. उघड्यावरील नळाच्या नळ्यांना गोणपाट गुंडाळावे, रात्री तोटी किंचित ठिबकत ठेवावी. गोठलेल्या नळीला जाळ लावण्याची सवय घातक आहे. कोमट पाण्याने भिजवलेली फडकी तोटीच्या बाजूने सुरुवात करून गुंडाळत न्यावीत.

वीज गेल्याबरोबर हीटर, बॉयलर आणि विजेची चादर यांची बटणे बंद करावीत आणि एक दिवा तेवढा चालू ठेवावा. बटणे तशीच राहिली, तर वीज येताच साऱ्या मोहल्ल्याचे हीटर एकदम सुरू होतात आणि हा भार न पेलून रोहित्र बंद पडते किंवा जळते. जळालेले रोहित्र बर्फातून कार्यशाळेत नेऊन दुरुस्त होईपर्यंत तो मोहल्ला पुन्हा अंधारात राहतो. वीज आल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबून उपकरणे एकेक करून लावावीत. रात्री वीज येईल तेव्हा घरातील माणसे झोपेत असतील, आणि चालू राहिलेल्या हीटरजवळ रजई पडलेली असेल, हेही ध्यानात असावे.