बरग्यांचा बंधारा

शहापूर-मुरबाडच्या ओढ्यांना आषाढात पूर, होळीला मात्र टिपूस नाही. त्यांवर घालतात तो बरग्यांचा बंधारा मूळचा कोल्हापूर संस्थानातला. १९०७ साली शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरणाची योजना हाती घेतली. पुढं तिथलं पाणी कालव्याऐवजी नदीतच सोडून बंधाऱ्यांनी अडवलं. दगडी खांबांच्या खाचांत लाकडी फळ्यांच्या, म्हणजेच बरग्यांच्या, दोन रांगा अन् मधे ठासलेली चिकणमाती. लाकूड कुजतं, म्हणून मागून लोखंडी बरगे अन् रबरी पट्टी आली. लोखंड चोरीला जातं, ती गोष्ट वेगळी! पाऊस सरला की ओढा वाहता असतानाच बरगे घाला. मृगाआधी काढाच, राहिले तर पूर काठ फोडून शेजारचं भातखाचर घेऊन जातो.