कंत्राटदाराचे दायित्व (घरगुती जलतरण तलाव)

घरगुती जलतरण तलावाची दुरुस्ती किंवा नूतनीकरण चालू असताना तलावाचे, घराचे अथवा शेजाऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास ते भरून देण्याची जी कायदेशीर जबाबदारी काम घेणाऱ्यावर येते, तिला कंत्राटदाराचे दायित्व असे म्हणतात. भारतात या विषयासाठी स्वतंत्र कायदा नाही. भारतीय संविदा अधिनियम (करार कायदा), १८७२, ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आणि न्यायालयांनी विकसित केलेला अपकृत्य विधी यांच्या आधारे हे दायित्व ठरते.

नुकसानीची कारणे

सर्वांत मोठे नुकसान बहुधा तलाव रिकामा करताना होते. भरलेल्या तलावातील पाण्याचे वजन खालून वर येणाऱ्या भूजलाच्या दाबाला तोलून धरते. पाणी उपसल्यावर हा तोल जातो आणि भूजलाची पातळी उंच असेल तर तलावाचे संपूर्ण कवच वर उचलले जाते किंवा तळाला तडे जातात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वैभववाडी तालुका सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. तेथे पाऊस विपुल पडतो आणि जांभा दगड सच्छिद्र असल्याने जमिनीत मुरलेले पाणी पावसाळ्यात विहिरींच्या काठाशी येते. अशा प्रदेशात ऐन श्रावणात तलाव रिकामा करणे धोक्याचे असते. तळाशी दाब मोकळा करणारी झडप आहे का आणि शेजारच्या विहिरीचे पाणी किती वर आहे, हे पाहणे कुशल कंत्राटदाराकडून अपेक्षित असते. पाणी साठवणाऱ्या काँक्रीट बांधकामांसाठी आयएस ३३७० आणि तलावांच्या जलरोधनासाठी आयएस ६४९४ ही भारतीय मानके आहेत. काम त्यांना धरून झाले की नाही, हा निष्काळजीपणाच्या वादात महत्त्वाचा पुरावा ठरू शकतो.

याखेरीज जेसीबीच्या धक्क्याने गडगा कोसळणे, जुन्या लाद्या काढताना नळ तुटणे, गळतीमुळे घराच्या पायाखालची माती वाहून जाणे असे प्रकार घडतात.

करारातून येणारे दायित्व

संविदा अधिनियमाच्या कलम ७३ नुसार करारभंगामुळे स्वाभाविकपणे होणाऱ्या, किंवा करार करतेवेळी उभय पक्षांना ठाऊक असलेल्या हानीची भरपाई मिळते. दूरान्वयाने होणाऱ्या हानीची मिळत नाही. कलमाखालील एक उदाहरण थेट घरदुरुस्तीचे आहे: आगाऊ पैसे घेऊन ठरल्याप्रमाणे दुरुस्ती न करणाऱ्याकडून, ती कराराबरहुकूम करून घेण्याचा खर्च मालकाला वसूल करता येतो. नुकसान आटोक्यात ठेवण्याचे जे उपाय मालकाच्या हाती होते, तेही भरपाई ठरवताना विचारात घेतले जातात. तडा दिसूनही वर्षभर स्वस्थ बसलेल्या मालकाला म्हणूनच पूर्ण रक्कम मिळेलच असे नाही. पोटकंत्राटदाराने केलेल्या चुकीसाठीही मालकाला मूळ कंत्राटदारच उत्तरदायी असतो.

भरपाईच्या मोजमापाबाबत इंग्लंडमधील रक्सली इलेक्ट्रॉनिक्स विरुद्ध फोर्सिथ (१९९५) हा खटला प्रसिद्ध आहे. घरच्या तलावाची कमाल खोली ७ फूट ६ इंच ठरली असताना ती ६ फूट ९ इंचच भरली. तलाव सुरक्षित आणि वापरण्याजोगा होता. तो नव्याने बांधण्यास २१,५६० पौंड लागले असते. हाउस ऑफ लॉर्ड्सने तो खर्च अवाजवी मानला आणि सुखसोयीच्या हानीपोटी २,५०० पौंड देण्याचा खालच्या न्यायालयाचा निर्णय पुन्हा कायम केला. हा निर्णय भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाही.

शेजाऱ्याचे नुकसान

शेजारी करारात पक्ष नसल्याने त्याचा दावा अपकृत्य विधीखाली येतो. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर (१८६८) या खटल्यात गिरणीमालकासाठी कंत्राटदारांनी बांधलेल्या जलाशयाचे पाणी शेजारच्या खाणीत शिरले. चूक कंत्राटदारांची असूनही जबाबदार मालकच ठरला. पुढे बोवर विरुद्ध पीट (१८७६) या खटल्यात, खोदकामामुळे शेजारच्या घराचा आधार जाणार असेल तर काळजी घेण्याचे कर्तव्य कंत्राटदारावर सोपवून मालक मोकळा होत नाही, असे ठरले. मात्र १८७४ साली मद्रास रेल्वेच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने सिंचनाच्या पुरातन तलावांसाठी भारतात रायलँड्सचा कठोर नियम लावण्यास नकार दिला. घरगुती जलतरण तलावाला लोकोपयोगाची ही ढाल मिळणे कठीण आहे. शेजाऱ्याला भरपाई दिल्यावर मालक ती रक्कम कंत्राटदाराकडे मागू शकतो. करारात तसे कलम असल्यास काम सुकर होते.

दाद मागण्याचे मार्ग

घरबांधणी ही ग्राहक कायद्याखालील ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता (१९९३) या खटल्यात स्पष्ट केले. सेवेतील त्रुटीची तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांत करावी लागते. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास ती जिल्हा आयोगाकडे जाते. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली. त्यामुळे गावी घर असलेला मुंबईचा चाकरमानी मुंबईतूनही दाद मागू शकतो. तलाव पर्यटकांच्या निवासासाठी असेल, तर मात्र ‘व्यावसायिक हेतू’चा आक्षेप हमखास घेतला जातो. दिवाणी न्यायालयात करारभंगाच्या दाव्यासाठी ३ वर्षांची मुदत आहे.

तोंडी करारही वैध असतो, परंतु गावाकडील बहुतेक कामे शब्दावर होत असल्याने वाद पुराव्यापाशी अडतो. कामापूर्वीची छायाचित्रे आणि पैसे दिल्याच्या पावत्या येथे निर्णायक ठरतात. जागेची पाहणी करण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ नुसार न्यायालय आयुक्त नेमू शकते.

महारेराची ५ वर्षांची दोषदायित्वाची तरतूद प्रकल्पाच्या प्रवर्तकाला लागू होते. राहत्या घरी दुरुस्ती करणाऱ्या कंत्राटदाराला ती लागू नाही. बांधकाम पडून मानवी जीविताला धोका पोहोचू नये यासाठी पुरेशी खबरदारी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० खाली गुन्हा असून त्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.