गरम पाण्याच्या हौदाची जागा : रोम, तानसेचा काठ आणि सूर्यमाळ

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यविशारदाने वास्तुकलेवर दहा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या पाचव्या भागात सार्वजनिक स्नानगृहांचे प्रकरण आहे आणि त्याचा आरंभ जागेच्या निवडीपासून होतो. जागा शक्य तितकी उबदार असावी, उत्तरेकडे तिची पाठ असावी आणि उष्ण स्नानाच्या दालनांत उजेड नैऋत्येकडून यावा, असे तो सांगतो. कारण साधे होते : रोमन लोक मुख्यतः दुपारपासून संध्याकाळपर्यंत स्नान करीत. तळाखालची फरशी भट्टीकडे इतकी उतरती हवी की चेंडू टाकला तर तो भट्टीच्या तोंडाशी परत यावा, असेही त्याने नोंदवले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची ही बारकाई आजच्या अनेक विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत आढळत नाही!

हाच नियम मोखाडा तालुक्यात खोडाळ्याजवळच्या सूर्यमाळेवर जसाच्या तसा लावला, तर मात्र फसगत होईल. नैऋत्य ही येथे मोसमी पावसाची दिशा. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. रोममध्ये जी बाजू उन्हाची, ती येथे वाऱ्यापावसाच्या माऱ्याची. तेव्हा व्हिट्रुव्हियसकडून घ्यायची ती त्याची पद्धत : आधी वारा, ऊन आणि उतार पाहावा, मग बांधकाम.

उत्तर कोकणात या प्रश्नाचे उत्तर भूगर्भानेच देऊन ठेवले होते. पालघर तालुक्यातील कोकनेर-सातिवलीपासून दक्षिणेस राजापूरपर्यंत उष्ण झऱ्यांची एक लांब रांग आहे. पावसाचे पाणी कातळातील भेगांतून खोल झिरपते, तेथे तापते आणि पुन्हा वर येते. तानसा नदीच्या काठी अकलोली, गणेशपुरी आणि वज्रेश्वरी येथे ते दगडी कुंडांत अडवलेले आहे. वज्रेश्वरीचे देऊळ चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेशी (१७३९) जोडलेले म्हणून इतिहासप्रेमींना परिचित आहेच. पण तेथील कुंडेही तितक्याच लक्षपूर्वक पाहावीत. ती जमिनीतच आहेत, वजन थेट धरणीवर आहे आणि वापरलेल्या पाण्याला वाहून जाण्यासाठी शेजारीच उतार आहे. नदीपात्रातले झरे पावसाळ्यात पुराखाली जातात. काठावर, उंचावर बांधलेल्या कुंडांचे मोल तेव्हा कळते.

उष्ण स्नान जागेशी असे जखडलेले होते. ते सुटले विसाव्या शतकात. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या जकुझी या इटालियन कुटुंबाने संधिवाताने ग्रासलेल्या एका लहान मुलासाठी पाणी घुसळणारा पंप तयार केला. १९५६ मध्ये तो बाजारात आला आणि १९६८ मध्ये रॉय जकुझी यांनी पंपासह संपूर्ण टबच विक्रीस आणला. पुढे हीटरही टबाच्या पोटात आला. झरा, भट्टी, नदी यांपैकी कशाचीच गरज उरली नाही आणि टब कोठेही ठेवता येतो असा समज रूढ झाला.

हा समज पाण्याच्या वजनापुढे टिकत नाही. दीड हजार लिटर पाणी म्हणजे दीड टन. टब आणि चार माणसे धरली की भार दोन टनांच्या घरात जातो. दोन मीटर लांब-रुंद टबाखाली हा भार चौरस मीटरला सुमारे पाचशे किलो होतो. निवासी खोल्यांसाठी भारतीय मानक ८७५ मध्ये गृहीत धरलेला वापराचा भार सुमारे दोनशे किलो आहे. गच्ची किंवा पुढे काढलेला सज्जा म्हणूनच अभियंत्याच्या तपासणीविना वर्ज्य. पुण्याच्या शनिवारवाड्याचे लाकडी मजले १८२८ च्या आगीत भस्मसात झाले, परंतु हजारी कारंजे आजही दिसते, कारण ते जमिनीवर दगडात बांधलेले होते.

सूर्यमाळेसारख्या डोंगराळ ठिकाणी आणखी एक सापळा आहे. दृश्य सर्वांत सुंदर असते ते उताराच्या कडेला, आणि तेथे सपाटी बहुधा मुरूम भरून केलेली असते. पहिल्याच पावसात भराव खचतो, टब एका बाजूला कलतो, जोडण्या निखळतात. डोंगर कापून उघड्या पडलेल्या कातळावर, कडेपासून मागे सरकून काँक्रीटचा सलग तळ घालणे हेच श्रेयस्कर. विजेचा खटका नजरेच्या टप्प्यात, पण पाण्यात बसलेल्या माणसाच्या हाताबाहेर असावा; गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण अनिवार्य. जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के वारंवार जाणवत आले आहेत, हेही तळ घालताना ध्यानी ठेवावे.

उरतो पाण्याचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड आहे. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये याच परिसरात पूर्ण झाले. तरीही मोखाड्याच्या अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. गावाची विहीर उताराच्या खालच्या अंगाला असेल, तर टबातले क्लोरीनयुक्त पाणी तिच्याकडे वाहू नये अशीच जागा निवडावी लागते. आणि एप्रिल-मेमध्ये तो भरण्यासाठी त्याच विहिरीवर पंप लावायचा असेल, तर त्या आवारात टबासाठी योग्य जागा नाही असेच म्हणावे लागते.