ट्रान्झिस्टरमधला नवसागर

आजच्या बहुतेक स्मार्टफोनना बॅटरीचं झाकणच नसतं. त्यामुळे हा लेख मोबाइलवर वाचणाऱ्या अनेकांनी एक दृश्य कधी पाहिलंच नसेल. माळ्यावरून आजोबांचा ट्रान्झिस्टर खाली काढायचा, मागचं झाकण सरकवायचं आणि आत सेलभोवती साठलेली पांढरी भुकटी, स्प्रिंगवर चढलेला हिरवट थर आणि तपकिरी चिकट ओघळ बघायचे. घरातलं कुणीतरी लगेच निकाल देतं, ‘सेट गेला.’ मग तो भंगारात जातो.

गंमत अशी की तो सेट अनेकदा गेलेला नसतो. आतलं सर्किट, स्पीकर, ट्यूनिंगची चकती सगळं ठीक असतं. वीज आत जायचा दरवाजा तेवढा गंजलेला असतो. तो का गंजला आणि कशाने साफ होईल, हे समजायला सुमारे 160 वर्षं मागे जावं लागतं.

1866 साली जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने एक नवा विद्युतघट तयार केला. काचेच्या बरणीत नवसागराचं पाणी, त्यात जस्ताची कांडी आणि शेजारी मातीच्या सच्छिद्र भांड्यात मँगनीज डायऑक्साइड व कार्बन. तारखात्यांना आणि पुढे टेलिफोनला हा घट फार सोयीचा पडला. अडचण एकच होती. बरणी कलंडली की पाणी सांडायचं. भिंतीवरच्या घंटीला असा घट चालतो, खिशातल्या वस्तूला चालत नाही.

जर्मनीतल्या माइंझ शहरातल्या कार्ल गास्नरने 1886 साली यावर तोडगा काढला. त्याने नवसागराच्या पाण्यात प्लास्टर ऑफ पॅरिस कालवून घट्टसर लगदा केला. पुढे प्लास्टरची जागा पीठ आणि स्टार्चच्या खळीने घेतली. त्याहून महत्त्वाचा बदल म्हणजे त्याने बरणी काढूनच टाकली आणि जस्ताचाच डबा केला. जस्त हे या घटाचं इंधन. आता तेच भांडंही झालं. ‘कोरडा’ सेल जन्मला, आणि कलंडला तरी न सांडणारी वीज माणसाला सोबत नेता आली.

पण या रचनेतच गळतीही होती. वीज घेत गेलं की जस्त झिजतं, म्हणजे भांडंच पातळ होतं. शेवटी त्याला भोकं पडतात आणि आतला लगदा बाहेर येतो. सेल वापरात नसला तरी ही झीज मंद गतीने चालूच राहते, आणि आत तयार होणारा हायड्रोजन वायू लगद्याला बाहेर ढकलतो. पुठ्ठ्याचं, प्लॅस्टिकचं, पत्र्याचं वेष्टण घालून कंपन्यांनी ही गळती लांबवली. ती पूर्ण थांबवता आली नाही.

इथे नवसागराविषयी थोडं सांगायला हवं, कारण हा पदार्थ आपल्या घरात रेडिओच्या आधीपासून येत होता. कल्हईवाला भांडं तापवून त्यावर नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर उठायचा आणि काळवंडलेलं तांबं-पितळ लख्ख व्हायचं. गरम धातूवर नवसागर ऑक्साइडचा थर खातो, म्हणून नंतर कथील नीट बसतं. सेलमधून गळालेला नवसागरही धातू खाण्याचंच काम करतो, फक्त इथे त्याला थांबवायला कल्हईवाला नसतो. रेडिओतली पितळी पट्टी किंवा पोलादी स्प्रिंग यांवर निकेलचा पातळ मुलामा असतो. तीच त्यांची कल्हई. ती गेली की पितळ हिरवं पडतं आणि पोलाद गंजतं. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक कळकतं, त्याचाच हा भाऊबंद.

दुसऱ्या महायुद्धात हा दोष सैन्याला नडला. अमेरिकन सैन्याचा ‘हँडी-टॉकी’ हा हातात धरून बोलायचा रेडिओ दोन किलोंहून जड होता. त्यात व्हॉल्व्ह होते, आणि त्यांच्यासाठी दीड व्होल्टची एक व शंभराहून अधिक व्होल्टची दुसरी अशा दोन कोरड्या बॅटऱ्या लागत. उत्तर आफ्रिका आणि पॅसिफिक बेटांच्या उष्णतेत नेहमीचे जस्त-कार्बन सेल साठ्यातच खराब होऊ लागले. या गरजेतून सॅम्युएल रुबेनने पाऱ्याचा सेल विकसित केला. समशीतोष्ण देशांत घडलेली वस्तू उष्ण, दमट हवेत किती लवकर हार मानते, हे तेव्हा युद्धभूमीवर कळलं. कोकणातल्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या रेडिओला ते दर वर्षी कळतं.

1954 साली अमेरिकेत ‘रीजन्सी टीआर-1’ हा खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला. किंमत 49.95 डॉलर. त्यानंतर रेडिओ इतका स्वस्त आणि सुटसुटीत होत गेला की आपल्याकडे ‘ट्रान्झिस्टर’ हे आतल्या सुट्या भागाचं नाव अख्ख्या सेटला चिकटलं. 1957 मध्ये विविध भारती सुरू झाली होती. वीज न पोचलेल्या वाडीवरही गाणी, बातम्या आणि बाजारभाव पोचले ते सेलच्या जिवावर. टॉर्चला ‘बॅटरी’ आणि बॅटरीला ‘सेल’ म्हणते ती आपली बोली. सेल महाग वाटायचे, म्हणून आवाज बारीक झाला की ते उन्हात ठेवायचे. उबेने आतली रासायनिक क्रिया थोडी वेग घ्यायची आणि अजून एखादा कार्यक्रम ऐकता यायचा. पण डबा तोवर पातळ झालेला असायचा. काटकसरीने आणखी काही तास पिळलेला सेलच बहुतेकदा रेडिओत गळायचा.

1950 च्या दशकात लुईस उरी या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्याला कंपनीने जस्त-कार्बन सेलचं आयुष्य वाढवायला सांगितलं. त्याने तो नादच सोडला आणि जस्ताची पूड व अल्कली वापरून नवा सेल केला. साहेबांना पटवायला त्याने दोन खेळण्यातल्या गाड्या कॅन्टीनमध्ये पळवल्या. जुन्या सेलची गाडी थांबली, नव्याची धावतच राहिली. हाच अल्कलाइन सेल. याचं भांडं पोलादी असतं, म्हणून ते झिजत नाही. पण वायू इथेही तयार होतो. तो दाबायला जस्तात पारा मिसळत असत. पाऱ्याच्या विषारीपणामुळे अमेरिकेने 1996 च्या कायद्याने त्यावर बंधन आणलं, आणि उत्पादकांना अधिक शुद्ध जस्त व नवे मिश्रधातू वापरावे लागले. तरीही विसरलेला अल्कलाइन सेल गळतोच.

मात्र त्याची गळती उलट जातीची असते. जुन्या सेलमधून येतो तो आम्लधर्मी द्रव, अल्कलाइनमधून येतं पोटॅशियम हायड्रॉक्साइड. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याची पांढरी भुकटी होते. म्हणून साफ करण्याआधी सेलवरची अक्षरं वाचायची. ‘अल्कलाइन’ लिहिलेलं असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. साधा किंवा ‘हेवी ड्यूटी’ सेल असेल तर पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा. हातमोजे घालायचे, डोळे सांभाळायचे, सेल काढून भुकटी कोरड्या ब्रशने झाडायची, मग कापसाच्या बोळ्याने थेंबाथेंबाने पुसायचं. सर्किटवर ओघळ जाऊ द्यायचा नाही. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवायचं. उरलेला डाग पेन्सिलच्या खोडरबरने निघतो. पॉलिशपेपर मात्र जपून, कारण त्याने मुलामाही निघतो आणि गंज परत येतो. स्प्रिंग पार खाल्ली गेली असेल तर नवी डकवावी. ती काही रुपयांना मिळते.

पितळेला चिंच लावणाऱ्या घराला यातलं काहीच परकं नाही. परका झाला आहे तो झाकण उघडून बघण्याचा विचार. चिकटवून बंद केलेल्या वस्तूंची सवय झाली की बंद पडलेली प्रत्येक वस्तू मेलेली वाटते. आणि रेडिओ तर वापरून नव्हे, ठेवून दिल्याने मरतो. वादळात वीज आणि मोबाइलचे टॉवर गेल्यावर लागेल म्हणून जपलेला सेट नेमका त्या रात्री मुका निघतो, कारण सेल आतच राहिलेले असतात. घरात असा एखादा ट्रान्झिस्टर असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याचं झाकण उघडा. आणि तो बोलू लागला, तर परत ठेवताना सेल बाहेर काढून ठेवा.