विहिरीतलं मडकं



परवा पुण्याहून नात आली. नळाचं पाणी तोंडाशी नेलं आणि पेला खाली ठेवून म्हणाली, "आबाजी, याला स्विमिंग पूलसारखा वास येतो!" मला माझी माय आठवली. तिचीही हीच तक्रार असायची.

हा वास क्लोरीनचा. मी बी.ए. झालेला भाषेचा मास्तर, पण विज्ञानाचे सर रजेवर गेले की त्यांचा तास माझ्या गळ्यात पडे, म्हणून हा धडा चांगला पाठ आहे. १७७४ साली स्वीडनच्या शेले नावाच्या औषधं बनवणाऱ्याने मँगनीजच्या खनिजावर मिठाचं आम्ल ओतलं आणि घसा जाळणारा हिरवट-पिवळा वायू निघाला. (हे खनिज आपल्या भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गच्या खाणीत निघतं, असं सांगितलं की पोरं सरसावून बसत.) ते मूलद्रव्य आहे हे १८१० मध्ये डेव्हीने ठरवलं. त्याआधीच, १७९९ मध्ये, टेनंटने हा वायू चुन्यात जिरवून कापड पांढरं करायची पावडर काढली होती. आणि १९१५ मध्ये ईप्रला जर्मन सैन्याने तोच वायू माणसांवर सोडला. हवेपेक्षा अडीचपट जड, त्यामुळे तो खंदकांत उतरला. असो.

मी सांगतोय ती चुन्यातली पावडर. सेलू तालुक्यातल्या आमच्या गावात पाणी विहिरीचं. पावसाळा लागला की विहिरीत ब्लिचिंग पावडर पडे. माय त्याआधीच, पहाटे, गुंड भरून ठेवी. "दवाईच्या पाण्यानं वरन कसंतरीच लागते," म्हणायची. मी आठ-नऊ वर्षांचा असताना श्रावणात हगवणीची साथ आली. धाकटी बहीण दोन वर्षांची होती. बाबांनी बंडी जुंपली, पण वर्धेला पोचण्याआधीच ती गेली.

त्या पहाटेच्या पाण्यानेच ती गेली, असं मी कधीच म्हणणार नाही. मायने मात्र तसंच धरलं. पुढे "पावडर टाकली का?" हे विचारल्याशिवाय तिने दोर खाली सोडला नाही.

खरं तर एकदा पावडर टाकून भागत नाही. रोज उपसा होतो, झऱ्यातून नवं पाणी येतं. यावर आपल्या नागपूरच्या 'नीरी'ने सोपी युक्ती काढली. छिद्र असलेली दोन मडकी, एकात एक. आतल्यात एक किलो पावडर आणि दोन किलो जाड रेती, किंचित ओली करून. बाहेरच्याचं तोंड प्लॅस्टिकने बांधायचं आणि पाण्याखाली निदान मीटरभर खोल टांगायचं. क्लोरीन झिरपत राहतो, घरगुती लहान विहिरीला दोन-तीन आठवडे पुरतो. इतकं साधं, की सातवीचं पोर बांधेल.

अट एकच, पावडर ताजी हवी. ताज्या पावडरीत वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा क्लोरीन असतो. पोतं दमट खोलीत उघडं पडलं की तो उडून जातो आणि उरतो नुसता चुना. नोकरीच्या एका गावात असं पोतं मी पाहिलं होतं. विहिरीत पावडर पडत होती, वहीत सह्याही होत होत्या, पण पाण्याला वासच नव्हता! त्यावरून माझं बरंच भांडण झालं, ते पुन्हा कधीतरी सांगेन.

पावडर टाकून तास झाल्यावरही लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे, असा नियम आहे. नातीला हे सगळं कुठं सांगत बसू? रात्री तिच्यादेखत पाणी मायच्याच गुंडात भरलं, वर पातळ फडकं टाकलं. सकाळी वास बराच गेला होता. दोन पेले प्यायली.