हजेरीपटावर तिचं नाव

आपल्या प्रत्येक गटात एखादी तरी बाई अशी असते, जिच्या घरात कमावणारीही तीच आणि लेकरं सांभाळणारीही तीच. कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणी स्वतःहून बाहेर पडलेली. अशा बाईला आपल्या राज्यात मजुरीचं काम कसं मिळत गेलं, ते आज सांगते.

आधी जुनी रीत बघा. सालगडी ठेवायचा तो पुरुष. ऊसतोडीला मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. राहिली खुरपणी आणि वेचणी. तिथे बाईची मजुरी गड्यापेक्षा कमी, तीही हंगामापुरतीच. एकट्या आईच्या अंगात कष्ट नव्हते असं नाही. कामाची मांडणीच जोडीसाठी केलेली होती.

मग १९७२ चा दुष्काळ पडला. घरातल्या जुन्या बायकांना विचारा, त्या सुकडी आणि मिलोची आठवण सांगतील. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती, खडी फोडणं. त्यात बाया फार मोठ्या संख्येनं होत्या.

काम मागेल त्याला काम द्यायचं, ही कल्पना वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ साली तिचा पहिला प्रयोग झाला होता. दुष्काळानं तिची गरज साऱ्या राज्याला पटवली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा उभा राहिला तो शहरातल्या नोकरदारांनी भरलेल्या व्यवसाय करातूनही.

या कायद्यानं एकट्या आईला काय दिलं? काम मागताना ‘तुझा माणूस कुठाय?’ हा प्रश्न उरला नाही. खेड्यातल्या कुठल्याही प्रौढ माणसाला मागणी करता येई. दर बाईला आणि गड्याला सारखा. हजेरीपटावर नाव तिचं स्वतःचं. कामावर पाणी, सावली आणि पाळणाघराची तरतूदही होती.

पण कागद आणि बांध यांत अंतर होतं. मातीकामात खणणारा एक, वाहणारी दुसरी, आणि मजुरी टोळीच्या मोजमापावर. त्यामुळे एकटीला कुणाच्या तरी टोळीत शिरावं लागे. पाळणाघर कितीतरी ठिकाणी उभंच राहिलं नाही. बाभळीला झोळी बांधून, थोरल्या पोरीला शाळेतून काढून तिच्याजवळ बसवून आया दगड फोडत राहिल्या. आईला मजुरी मिळाली, त्याची किंमत पोरीनं भरली.

दुसरी अडचण कागदांची. रेशनकार्ड नवऱ्याच्या नाहीतर बापाच्या नावावर. म्हणून सांगली भागात इंदुताई पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांनी परित्यक्ता बायांना संघटित केलं आणि त्यांच्या स्वतंत्र हक्कासाठी लढा दिला.

पुढे २००५ साली देशभराचा रोजगार हमी कायदा आला. त्यात एक तृतीयांश तरी कामकरी बाया असाव्यात असं लिहिलं गेलं. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर ती सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिलाही मजुरी द्यायची, असंही ठरलं. लेकरं सांभाळणं हे काम आहे, हे सरकारी कागदावर आलं. एकटं माणूस हेही एक कुटुंब धरलं गेलं.

योजनांची नावं बदलत राहतील. आपण मात्र तीन गोष्टी धरून ठेवायच्या: कामाची मागणी लेखी आणि पोच घेऊन, कागद तिच्या स्वतःच्या नावावर, आणि लेकरांसाठी सावली. पुढच्या बैठकीत गटातल्या एकट्या मैत्रिणीला या तिन्ही गोष्टी विचारा. जी नसेल, तिच्यासाठी ग्रामसभेत तिच्यासोबत दहाजणी उभ्या राहा. टोळीत एकटीला जागा मिळत नव्हती, ती आता गटानं द्यायची आहे.