पोथींतील समास आणि संगणकावरील नक्कल

हस्तलिखित पोथीचें वर्णन करतांना पत्रसंख्या, पत्राची लांबी-रुंदी, दर पृष्ठावरील ओळी आणि दर ओळींतील अक्षरें इतकी माहिती देण्याचा प्रघात आपल्याकडे चांगला रुळला आहे. उत्तम सूचींत समासरेषा तांबड्या कीं काळ्या, एकेरी कीं दुहेरी, हेंही नमूद केलेलें आढळतें. परंतु समास किती रुंद आहे, तो पोथीभर सारखा आहे कीं ठिकठिकाणीं बदलतो, आणि बदलत असल्यास कां, हे प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. पोथ्यांच्या नकला आतां संगणकावर होऊं लागल्यामुळें ही उपेक्षा महाग पडण्याजोगी झाली आहे. नक्कल करणारा यंत्रावर कोरें पान उघडतो, यंत्रानें आपण होऊन दिलेला चारी बाजूंचा समास तसाच स्वीकारतो, आणि पहिल्या पत्रापासून अखेरच्या पत्रापर्यंत सर्व मजकूर त्या एकाच चौकटींत भरतो. अशा नकलेंत पोथीनें सांगितलेल्या गोष्टींपैकीं एक मोठा भाग गळतो, असें आमचें मत आहे. तें सप्रमाण मांडावें, हा या लेखाचा हेतु होय.

समास हा शब्द मराठींत तीन अर्थीं रूढ आहे. व्याकरणांत तो पदांच्या एकीकरणाचा वाचक आहे, ‘दासबोधा’च्या २० दशकांतील २०० प्रकरणांसही समास असेंच म्हणतात, आणि लिहिलेल्या पानाच्या कडेस सोडलेली कोरी जागा हा तिसरा अर्थ. पहिल्या दोन अर्थांचा संस्कृतांतील सम् + अस्, म्हणजे एकत्र टाकणें, याच्याशीं असलेला संबंध उघड आहे. आम्हांस येथें तिसरा अर्थ अभिप्रेत आहे.

या कोऱ्या जागेचा इतिहास ताडपत्रापासून सुरू करणें सोयीचें. ताडपत्राच्या पोथींत पत्रास भोंक पाडून त्यांतून दोरी ओवीत. पत्र लांब असल्यास दोन भोंकें पाडीत. दोरीच्या घर्षणानें अक्षरें झिजूं नयेत म्हणून भोंकाभोंवतीं जागा कोरी ठेवीत. म्हणजे ताडपत्राला कडेच्या समासाखेरीज मजकुराच्या पोटांतही एक समास असे. पुढें पश्चिम भारतांत कागदाच्या पोथ्या होऊं लागल्या. गुजरात-राजस्थानांतील जैन भांडारांत अशा पोथ्या इसवी सनाच्या १३व्या-१४व्या शतकांपासूनच्या मिळतात. कागदाच्या पोथीला दोरी ओवण्याची गरज उरली नाहीं, तरी पत्राच्या मध्यभागीं ती कोरी जागा सोडण्याची रीत लेखकांनीं दीर्घकाळ चालू ठेविली, आणि तींत तांबडा टिळा किंवा एखादी नक्षी काढून तिला शोभेचें रूप दिलें. ‘कल्पसूत्रा’च्या सचित्र पोथ्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस ही खूण परिचित असेल. ताडपत्राची परंपरा कागदावर कशी उतरली याचा हा पुरावा त्या कोऱ्या जागेंतच राहिला आहे; नक्कल करतांना ती जागा मिटविली कीं पुरावाही मिटला.

डाव्या-उजव्या समासाचें कारण व्यवहारांतलें आहे. सुट्या पत्रांची पोथी वाचणारा पत्र दोन्ही कडांस धरून उलटवितो. अंगठ्याचा घाम व तेल, दमट हवा, कसर आणि उंदीर या सर्वांचा पहिला मारा कडेवर होतो. रुंद समास हा मारा स्वतः सोसतो आणि अक्षरें वांचवितो. समास व ओळी सरळ याव्या म्हणून दोरे ताणून बसविलेली पाटी कागदाखालीं ठेवीत व वरून बोटानें दाबीत. कागदावर उठलेल्या वळांवर मग लिहीत. समासाच्या रेषा बहुधा हिंगुळाच्या तांबड्या शाईनें आंखीत.

परंतु कोरी सोडलेली ही जागा सर्वस्वी कोरी राहत नसे. पत्राच्या मागल्या पृष्ठावर डाव्या समासांत वरच्या बाजूस ग्रंथाचें संक्षिप्त नांव व पत्रांक, आणि उजव्या समासांत खालच्या बाजूस पुन्हां पत्रांक, हा देवनागरी पोथ्यांतील नेहमींचा क्रम. उजव्या अंकावर पुष्कळदां ‘राम’ असें लिहिलेलें असतें. लिहितांना अक्षर गळलें असल्यास त्या जागीं काकपद करून गळलेला भाग समासांत लिहीत व शेजारीं ओळीचा अंक देत. वरच्या समासांतील भर असेल तर ओळ वरून मोजावयाची, खालच्या समासांतील असेल तर खालून. चुकलेलें अक्षर झांकण्यास हरताळ लावीत; ‘हरताळ फासणें’ हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला. यांशिवाय शुद्धिपाठ, कठीण शब्दांचे अर्थ आणि वाचकांनीं केलेलीं टिपणें यांनाही आश्रय समासाचाच.

सटीक पोथींत समास याहूनही मोठें काम करतो. मूळ मधोमध मोठ्या अक्षरांत आणि टीका वर व खालीं बारीक अक्षरांत, या मांडणीस त्रिपाठ म्हणतात. टीका डाव्या-उजव्या समासांतही उतरली असेल तर ती पोथी पंचपाठ. येथें मजकुराची चौकट दर पृष्ठास बदलते. ज्या श्लोकावर टीका लांबली आहे तेथें मूळ एक-दोन ओळींपुरतें आकसतें. टीका तोटकी असेल तेथें मूळ पसरतें. लेखकाला पृष्ठ लिहावयास घेण्यापूर्वीं किती मूळ व किती टीका त्यावर बसेल याचा अंदाज करावा लागे, आणि त्याप्रमाणें मधल्या भागाची मर्यादा आंखावी लागे. एकाच पोथींत अशा रीतीनें निरनिराळे समास सिद्ध होतात, आणि त्यांपैकीं प्रत्येकास कारण असतें.

याचें आपल्याकडील ठळक उदाहरण नीलकंठ चतुर्धर यांच्या ‘भारतभावदीप’ या महाभारतटीकेचें. नीलकंठ मूळचे गोदातीरींचे, कोपरगांवचे. १७व्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यांनीं काशींत राहून ही टीका रचिली. तिच्या पोथ्या बहुधा त्रिपाठ आहेत. १९व्या शतकांत मुंबईच्या छापखान्यांनीं हें महाभारत पोथीच्या आकारांत छापलें, तेव्हां त्यांनींही मूळ मधें व टीका वर-खालीं हीच मांडणी राखिली. खिळे जुळवून किंवा शिळेवर लिहून अशी मांडणी साधणें हें कष्टाचें काम होतें. तरी वाचकाची दृष्टि तिला सरावली असल्यामुळें मुद्रकांनीं ते कष्ट पत्करले. आजच्या यंत्रावर तेंच काम फार सुकर असतां तें टाळावें, हें उचित नव्हे.

पोथ्यांप्रमाणें मोडी कागदांतही समास अर्थवाही आहे. शिवकालीन राजपत्राच्या शिरोभागीं मुद्रा असे आणि मजकूर संपतो तेथें मर्यादेची लहान मुद्रा उमटवीत, यासाठीं कीं पुढील कोऱ्या जागेंत कोणी कांहीं वाढवूं नये. कोरी जागा कोठें सुरू होते हें येथें पत्राच्या सत्यतेशीं निगडित आहे. जमाखर्चाच्या कागदास उभ्या घड्या घालीत आणि त्या घड्यांच्या खुणांवर रकमा मांडीत. मुख्य रक्कम एका खुणेवर, तिचा बितपशील आंत सरकून दुसऱ्या खुणेवर, त्यांतील ‘पैकीं’ आणखी आंत. अशा कागदाची नक्कल एकाच समासास चिकटवून केली तर कोणती रक्कम कोणत्या रकमेच्या पोटांतील हें कळण्याचा मार्ग बंद होतो आणि बेरीज दुप्पट धरली जाण्याचा संभव उत्पन्न होतो.

आतां मुख्य धोका सांगावयाचा. समासांतील अक्षर नकलेंत मूळांत शिरणें हा पाठभ्रष्टतेचा फार जुना मार्ग आहे. समजा, एखाद्या काव्यांत ‘हरि’ हा शब्द वानर या अर्थीं आला आहे आणि कोणा वाचकानें समासांत ‘कपि’ असा अर्थ लिहून ठेविला. पुढील लेखकानें तो शुद्धिपाठ समजून ‘हरि’च्या जागीं ‘कपि’ घातला, तर तें कोणाच्या ध्यानांतही येणार नाहीं. कारण दोन्ही शब्द पुल्लिंगी, इकारान्त व दोन लघु मात्रांचे, म्हणून विभक्ति बिघडत नाहीं आणि छंदही मोडत नाहीं. मात्र कवीनें ‘हरि’ शब्दांत विष्णूचा श्लेष साधला असेल तर तो कायमचा गेला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ ते १९६६ या काळांत महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली. तींत पोथीच्या मूळ मजकुरांतील पाठ आणि समासांतील पाठ निरनिराळे नोंदिले आहेत. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकरांसारख्या संपादकांनीं ज्या भेदास इतकें महत्त्व दिलें, तो भेद संगणकावरील नकलेंत पुसला जाणें म्हणजे मागील पिढीच्या श्रमांवर पाणी सोडणें होय. मूळ पोथी उद्यां जीर्ण झाली म्हणजे ही नक्कलच प्रमाण मानली जाणार, हें विसरतां कामा नये.

यंत्राची अडचण पुढें करण्यास जागा नाहीं. एकाच लेखांत निरनिराळे समास ठेवण्याची सोय त्यांत आहे. फक्त ती कशी चालते हें समजून घेतलें पाहिजे. ‘मायक्रोसॉफ्ट वर्ड’ या लेखनप्रणालींत समास हा लेखाच्या विभागाचा, म्हणजे ‘सेक्शन’चा, गुण आहे. जेथें समास बदलावयाचा तेथें ‘सेक्शन ब्रेक’ घालावा आणि नवा समास संपूर्ण लेखास न लावतां त्या विभागापुरता लावावा. मजकुराचा कांहीं भाग निवडून त्यापुरताच समास ठरविल्यास यंत्र त्या भागाच्या मागें-पुढें विभागरेषा स्वतःच घालतें. विभाग नव्या पानावर सुरू करतां येतो किंवा त्याच पानावर चालू ठेवतां येतो. त्याच पानावर चालू ठेविल्यास डावा-उजवा समास तेथल्या तेथें बदलतो. वरचा-खालचा समास पुढील पानापासून बदलतो. एक सावधगिरी अवश्य बाळगावी: विभागाचे गुण त्याच्या अखेरच्या रेषेंत सांठविलेले असतात. ती रेषा खोडली कीं आधींचा मजकूर पुढील विभागाचा समास धारण करतो आणि मांडणी बिघडते. ‘लिब्रेऑफिस रायटर’मध्यें हेंच काम ‘पेज स्टाइल’नें होतें, प्रत्येक प्रकारच्या पानास एक शैली नेमून द्यावी आणि पान बदलतांना इष्ट ती शैली निवडावी. परिच्छेद आंत सरकविणें हें याहून वेगळें काम आहे. तें जमाखर्चाच्या बितपशिलास योग्य. पानाचा समास त्यानें बदलत नाहीं.

यावरून नकलेची पद्धति आम्ही पुढीलप्रमाणें सुचवितों. पोथीच्या एका पृष्ठास नकलेचें एक पान द्यावें, आणि पान पोथीप्रमाणेंच आडवें ठेवावें. पोथी प्रथम चाळून तींत किती प्रकारचीं पृष्ठें आहेत तें ठरवावें: केवळ मूळाचीं, त्रिपाठ, पंचपाठ, चित्रयुक्त. प्रत्येक प्रकाराच्या दोन-तीन पृष्ठांचे चारी समास मोजून त्या प्रमाणांत यंत्रावरील विभाग आंखावे. समासांतील प्रत्येक अक्षर समासांतच, वेगळ्या चौकटींत लिहावें. तें त्याच हाताचें कीं दुसऱ्या हाताचें, हें दिसत असल्यास नोंदवावें. काकपदाची जागा मूळांत दाखवावी, परंतु गळलेला भाग आपण होऊन आंत बसवूं नये; तें काम संपादकाचें आहे.

संग्राहकांसही आमची विनंती आहे. पोथीस पुस्तकाची बांधणी करण्याच्या हौसेनें तिच्या कडा छाटूं देऊं नयेत. एका सुताच्या छाटणींत पत्रांक व टिपणें जातात, आणि तीं पुन्हां मिळण्याची सोय नाहीं. छायाचित्र घेतांना पत्राच्या चारी कडा व शेजारीं मोजपट्टी दिसेल असें घ्यावें. केवळ मजकुराची चौकट कापून ठेवूं नये. सूचींत ओळी व अक्षरें यांच्या शेजारीं समासाचा एक रकाना घालावा. हीं कामें खर्चाचीं नाहींत, विद्वत्तेचींही नाहींत. थोड्या सावधपणाचीं आहेत. ज्यांच्या संग्रहीं त्रिपाठ वा पंचपाठ पोथ्या असतील त्यांनीं निदान एका पोथीचें असें समासमापन करून प्रसिद्ध केल्यास पुढील अभ्यासकांस तुलनेसाठीं निश्चित साधन मिळेल.